समजा सर

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. वेळ अमावस्येच्या सणाला आम्ही बायकोच्या माहेरी, शिरूर अनंतपाळला, तिच्या भावाच्या शेतावर जेवायला गेलो होतो. येताना पिशवीभर शेंगा आणल्या. नांदेडला परत आलो त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत खिडकीखाली आम्ही बसलो होतो. माझी बायको सुभद्रा, मी, आणि वरच्या खोलीतला भाडेकरू सुधाकर सर. खरं म्हणजे ती दोघं सोलत होती, मी खात होतो. आणि सोलता सोलता माझ्या तिरडीला खांदा कुणी द्यायचा, याची त्या दोघांची चर्चा चालली होती.

"माणसं एका उंचीची घ्यायची," सुभद्रा म्हणाली. "हे जन्मात कधी सरळ चालले न्हाईत. जाताना तरी सरळ जाऊ द्या."

"मग मी बाद, मावशी," सर म्हणाला. "मी लई बुटका पडतो."

"तू लाकडाचं बघ."

"मी हितंच बसलोय," मी म्हणलं.

"म्हणून तर आत्ताच इचारून राहिलो, काका," सर म्हणाला. "मागनं कुणाला इचारणार?"

ज्यांना सर ठाऊक नाही त्यांना हे बोलणं बेमुर्वत वाटेल. आमच्या गल्लीला वाटत नव्हतं. गल्लीनं त्याचं नावच समजा सर ठेवलं होतं. कारण हा माणूस कुणालाही, कुठंही, कसल्याही वेळी एकच सवाल विचारायचा. "समजा, तुम्ही उद्या गेलात, तर?"

आता यात त्याचा तरी काय कसूर. सर एका खाजगी क्लासात अकरावी-बारावीच्या पोरांना हिशेबाचा विषय शिकवायचा. चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. शिकवता शिकवता त्यानं एक मोठी परीक्षा दिली. घरोघरच्या पैशाअडक्याचा सल्ला देण्याची परीक्षा. तिचं इंग्रजी नाव मला घेता येत नाही. मी चौथी शिकलो आणि जन्मभर पिठाची गिरणी चालवली. सर सगळे पेपर पास झाला. आता नावामागं चार अक्षरं लागणार म्हणून त्यानं पेढे वाटले. आणि मग त्याला कळलं, की नुसत्या पेपरांवर अक्षरं मिळत नाहीत. तीन वर्षांचा अनुभव लागतो. खऱ्या घरांत बसून खऱ्या माणसांना सल्ला द्यायचा, आणि ज्याच्यापाशी ती अक्षरं आधीच आहेत अशा माणसानं ते काम तपासून सही करायची.

मला हे पटलं. गिरणीचा पट्टा कसा चढवायचा हेबी सांगून येत नाही, बोटं सांभाळत शिकावं लागतं. पण पेढे तर वाटून झाले होते.

सही करणारा असा माणूस सराला लातूरला सापडला. आम्ही त्यांना नुसतं साहेबच म्हणायचो. सर आठवडाभर नांदेडला पोरं शिकवायचा आणि शनिवारी पहाटेच्या एसटीनं लातूर गाठून दोन दिवस साहेबाच्या ऑफिसात फुकट बसायचा. साहेबाची एकच अट होती. "एक तरी घर सुरुवातीपासून शेवटापर्यंत धरा. आणि शेवटी ते घर माझ्यासमोर येऊन बोललं पाहिजे."

आता घर धरायचं कसं. आमच्या मुलखात माणूस आपली मूळव्याध चारचौघांत सांगेल, पण कमाई सांगणार नाही. सोयरीक जमवताना दुप्पट सांगेल, भावकीत निम्मी सांगेल, आणि बायकोला तर सांगणारच नाही. अशा लोकांत सर निघाला सल्ला द्यायला. साहेबानं शिकवलं होतं, की सुरुवात जोखमीपासून करायची. घरातला कमावता माणूस गेला, तर मागच्यांचं काय, हे आधी विचारायचं. साहेब हे एसीत बसवून, पाणी पाजून, गोड बोलून विचारत असतील. सराला गोड बोलणं येत नाही. त्याला प्रश्न तेवढा आला.

हिमायतनगरला माझ्या लेकीच्या दिराचं लग्न होतं. सर आमच्यासोबत आला. अक्षता पडल्या, लोक स्टेजवर जाऊन पाकीट देऊन फोटो काढून घेऊ लागले. सरानं पाकीट दिलं, नवरदेवाचा हात धरला आणि म्हणाला, "अभिनंदन. समजा, तुम्ही उद्या गेलात, तर हिचं काय?"

नवरीच्या मामानं त्याला दंडाला धरून स्टेजवरून उतरवलं. सर उतरता उतरता मामाला म्हणाला, "बरं, तुमचं काय?"

दुसरी कथा शेजारच्या विठ्ठलरावाची. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. सगळी गल्ली दवाखान्यात जाऊन "आता काही काळजी न्हाई" म्हणून आली. सर शहाळं घेऊन गेला. आत गेला तसा लगेच बाहेर आला, आणि शहाळं हातातच होतं. विठ्ठलरावाच्या बायकोनं परत दिलं होतं. वर म्हणाली, "तुम्हीच प्या, तुम्हाला लई दिवस जगायचंय."

ते शहाळं आमच्या घरी आणून त्यानं सुभद्राला दिलं आणि विचारलं, "मावशी, हे अनुभवात धरतात का बघावं लागल."

हे त्याचं दुसरं पालुपद. त्याला काहीबी झालं की ते अनुभवात धरतात का, हे तो लातूरला जाऊन विचारायचा. रिक्षावाल्याला त्यानं भर वेगात प्रश्न विचारला, तेव्हा रिक्षावाल्यानं पुलावर रिक्षा थांबवली आणि अर्धा तास त्याच्याशी आपल्या सासऱ्याबद्दल बोलला. धरतात का. मागच्या वर्षीच्या वेळ अमावस्येला माझा मेहुणा आंबील ओतत होता, त्याला सरानं विचारलं. मेहुणा म्हणाला, "सर, मी गेलो तर तुमच्या गाडग्यात आंबील कोण ओतील? गप प्या." धरतात का. साहेबानं दर वेळी नाही म्हणून सांगितलं. सर दर वेळी नवं काहीतरी घेऊन गेला.

आमच्या घरात तो शिरला तोही याच प्रश्नानं. खोली बघायला आला. भाडं ठरायच्या आत मला म्हणाला, "काका, समजा, तुम्ही गेलात तर?" मी त्याला जिन्यावरूनच खाली लावून देणार होतो. सुभद्रा पदर तोंडाला लावून हसत होती.

"कुठले तुम्ही?" तिनं विचारलं.

"जळकोट."

"म्हणजे माझ्या माहेराकडचा की." जळकोट कुठं आणि शिरूर अनंतपाळ कुठं, पण लातूर जिल्ह्याचा माणूस दिसला की हिला तो भाऊच वाटायचा. "आता ऐक. समजा हे गेले, तर पहिल्यांदा मी ही खिडकी उघडीन. जन्माचा बिडीचा वास जाऊ दे बाहेर."

त्या खिडकीवरून आमचं जन्माचं भांडण. ती उघडायची, मी धूळ येते म्हणून लावायचो. ती म्हणायची, धूळ बाहेरची येती, घाण आतली हाय.

सराच्या प्रश्नाला धड उत्तर देणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यानं तिथंच बैठक मारली. "मग दुसऱ्यांदा काय कराल, मावशी?"

असं आमचं घर धरलं गेलं. मला कुणी विचारलं नाही. ती तीन वर्षं रोज संध्याकाळी सर खाली यायचा आणि दोघं मिळून मला मारायची. मी तिथंच बसून बिडी ओढायचो. गिरणी कुणाला भाड्यानं द्यायची ते ठरलं. माझ्या नावावरचं काय काय तिच्या नावावर जोडायचं ते ठरलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बँकेत सही केली. सर तिला एटीएमला घेऊन गेला. पहिल्या दिवशी मशीनमधून नोटा आल्या, तर ही मशीनला म्हणाली, "बस झालं, बस झालं."

"आणि यांची सायकल?" एक दिवस तिनं विचारलं.

"त्या सायकलला काही येणार न्हाई, मावशी."

"मग यांच्यासंगट जाऊ दे."

मी म्हणलं, "माझ्यावर ठेवा, घंटी वाजवत जातो."

सर गंभीर तोंडानं म्हणाला, "काका, मधे बोलू नका. तुम्ही गेलेले आहात."

एकदा मात्र मी सरळ विचारलं. "आणि ही माझ्याआधी गेली तर?"

सर जरासा गडबडला. "आकडे तसं म्हणत न्हाईत, काका. बाया मागं राहत्यात. त्यात तुमची बिडी."

सुभद्रानं तर तो विषय हातानं झाडूनच टाकला. "यांना टावेल कुठं असतो ते ठावं न्हाई. यांना टाकून मी मरून कसं चालल?"

एवढंच. त्या तीन वर्षांत त्या बाजूनं यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही.

शेंगा सोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रा डोकं जड झालंय म्हणून आडवी झाली, ती उठली नाही. डॉक्टरनं डोक्यातल्या नसेचं काहीतरी सांगितलं. मला त्यातलं कळत नाही. सोललेले दाणे पातेल्यात तसेच होते.

खांदा द्यायची वेळ आली तेव्हा गल्लीतले उंच गडी पुढं झाले. एवढ्यात सर मधे घुसला आणि पुढची बाजू धरली. मी म्हणलं, "सर, तू बुटका हायस." त्यानं टाचा उचलल्या आणि पाऊल टाकलं. आमच्या गल्लीपासून गोदावरीच्या काठापर्यंत तो माणूस टाचा टेकवल्याविना चालला. मी मागून बघत होतो. सुभद्रा सरळ गेली.

मग माझी तऱ्हा सुरू झाली. टावेल सापडेना. चहाची पत्ती कुठं, मीठ कुठं. लेक हिमायतनगरला चला म्हणाली, मी नाही म्हणलं. पैसे काढायला एटीएमचं कार्ड घेऊन गेलो, तर आकडा ठावा नाही. आकडा कुणालाच सांगायचा नाही, असं सरानं तिला शिकवलं होतं. तिनं नवऱ्यालाही सांगितला नव्हता. शिकवणी पक्की झाली होती. खिडकी मात्र मी त्या दिवसापासून लावली नाही. धूळ आली तर येऊ दे.

सर सकाळ-संध्याकाळ खाली यायचा. भाकरी थापून आणायचा. त्या भाकरीनं माणूस मेला असता, इतकी जड. पण प्रश्न विचारायचा नाही. मलाच नाही, कुणालाच नाही. गल्लीला पहिल्यांदा बरं वाटलं, मग करमेना. रिक्षावाला मला अडवून म्हणाला, "काका, सराला काय झालं? नुसतंच बसत्यात, नुसतंच उतरत्यात. मला चालवायला भ्या वाटून राहिलं." विठ्ठलरावाच्या बायकोनं तर शहाळं आणून दिलं त्याला.

एक शनिवार गेला, दुसरा गेला, सर लातूरला गेला नाही. तिसऱ्या शनिवारी मी जिना चढून वर गेलो. गुडघे दुखतात म्हणून मी कधी वर जात नाही. सर खाटेवर बसून भिंतीकडं बघत होता.

"लातूरला का जाईनास?"

"काय करू जाऊन?"

"सही घे की. तीन वर्षं भरली ना?"

"भरली." मग म्हणाला, "साहेब पाडव्यानंतर पुण्याला लेकाकडं चालले. कायमचे. ऑफिस बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे पाडव्याच्या आत सही झाली तर झाली. न्हाईतर दुसरा साहेब हुडका, नवं घर धरा, परत तीन वर्षं."

"मग जा की आजच."

"काय घेऊन जाऊ, काका?" सराचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "माझ्याजवळ एकच घर व्हतं. ते मी उलटं बांधलं. तुमच्या माघारी कसं जगायचं ते मावशीला शिकवत बसलो. कुणाच्या माघारी कोण राहिलं बघा. तुम्हाला मीठ सापडंना. साहेबाला काय सांगू, मी चांगला सल्ला दिला म्हणून?"

मला समजूत काढणं येत नाही. सुभद्राला यायचं. मी म्हणलं, "कपडे घाल. एसटी चुकल."

लातूरला साहेबाचं ऑफिस खरंच एसीचं होतं. पाणी काचेच्या पेल्यात आलं. साहेब वयानं माझ्यापेक्षा थोडे लहान, चष्मा कपाळावर, अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. सर दाराशी उभाच राहिला.

"या कामातले ग्राहक कोण?" साहेबांनी विचारलं.

"ग्राहक मेली," मी म्हणलं. "मी उरलोय."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "यांनी तुम्हाला काय सल्ला दिला?"

"मला काही न्हाई. तिला दिला. मी मेल्यावर काय करायचं त्याचा. सगळा चुकला. मरायचा मी व्हतो."

सर दाराशी आणखीच बुटका झाला.

"मग तुम्ही तक्रार करायला आलात?"

"न्हाई. बोलायला आलोय. तुमचीच अट हाय ना, घरानं येऊन बोललं पाहिजे? तर ऐका. ह्यानं माझ्या बायकोला सही शिकवली. ती बँकेत पदर खोचून जायची. तीन वर्षं ती रोज संध्याकाळी हसली, माझ्या मरणावर हसली, पण हसली. मला तेवढं हसवता आलं नव्हतं. भाकरी मात्र वाईट करतो. आता ते अनुभवात धरायचं का न्हाई, ते तुम्ही बघा."

साहेबांनी चष्मा परत कपाळावर चढवला. मग सराला म्हणाले, "सुधाकर, बस आधी. काम चुकलेलं नाही. अर्धं झालंय. दोघांचं घर होतं, तू एकाचाच विचार केलास. आता जो मागं राहिलाय त्याचं काम कर. पहिल्या प्रश्नापासून. पाडव्याच्या आत घेऊन ये, मी सही करतो."

"पहिल्या प्रश्नापासून?" सरानं विचारलं.

"तोच तर खरा."

येताना एसटीत सर खिडकीशी बसला होता. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मी म्हणलं, इचार की आत्ताच, मी मोकळाच हाय. तो म्हणाला, उद्या सकाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खाली आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, नोकरीच्या मुलाखतीला यावं तसा. दोन कप चहा घेऊन आला होता. सुभद्रा बसायची ती जागा मोकळी सोडून बसला. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता. मी बिडी पेटवली आणि वाट बघत बसलो.

"काका," तो म्हणाला. "समजा."

मग थांबला. चहाचा घोट घेतला. परत म्हणाला, "समजा." आणि परत थांबला. स्टेजवर नवरदेवाचा हात धरून ज्यानं विचारलं होतं, ऑपरेशनच्या खाटेशी ज्यानं विचारलं होतं, त्याला एका म्हाताऱ्यासमोर पुढचे शब्द सापडेनात. त्याच्या डोळ्यांकडं मी बघितलं नाही. बिडीकडं बघितलं.

"बरं, मी इचारतो," मी म्हणलं. "तुलाबी कुणी कधी इचारलं नसल. समजा, मी गेलो. तू पहिल्यांदा काय करशील?"

सरानं चहाचा कप खाली ठेवला. मी आपली बिडी ओढत राहिलो. मग तो उठला, खिडकीपाशी गेला आणि तिची दोन्ही दारं ओढून लावून घेतली. वरची कडी घालायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या.

"वास राहू दे जरा," तो म्हणाला.

खोलीत धूर कोंडला. त्याला बिडीची सवय नाही, तो खोकायला लागला. त्याचं बघून मीही खोकायला लागलो. दोघांपैकी कुणीच खिडकी उघड म्हणालं नाही. आणि खोकता खोकताच, डोळे पुसत, त्यानं समोर बसून विचारलं,

"काका, समजा, तुम्ही उद्या गेलात, तर?"